घट्ट धरा

बुधवार, ५ फेब्रुवारी

आज वर्गात पार्लरवालीचा उजवा खांदा निखळला, आणि त्यावर मी एक वाक्य बोलले. खांदा डॉक्टरांनी तासाभरात बसवला. वाक्य काही बसेना, म्हणून ही वही काढली.

घडलं ते लिहिते. संध्याकाळचा वर्ग, जुन्या मंडळींचा, दोन वर्षं सालसा शिकलेले बारा जण. डबल टर्न चालू होता. पुरुषाने बाईचा हात तिच्या डोक्यावर न्यायचा आणि तिला जागच्या जागी दोनदा फिरवायचं. पार्लरवालीची जोडी क्रेनवाल्या दादांशी होती. दादा बांधकामावर टॉवर क्रेन चालवतात. अंगाने भक्कम माणूस, पण बोलणं इतकं हळू की गाणं बंद केल्याशिवाय ऐकू येत नाही. पाच-सहा-सातच्या ठोक्यांना त्यांनी हात फिरवला. पार्लरवाली पुढे गेली, हात मागेच राहिला, आणि कट्ट असा आवाज आला.

ती मटकन खाली बसली. ओरडली नाही. दादा पांढरेफटक पडले. "बाई, मी काय केलं? मी काय केलं?"

मी म्हणाले, "दादा, तुमचा हात जड आहे. किती वेळा सांगायचं?"

एकदाही सांगितलं नव्हतं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

काल एक गोष्ट लिहायची टाळली. आज दिवसभर तीच समोर येते आहे.

गेल्या शनिवारी दादांनी मला विचारलं होतं. वर्ग सुटला होता, सगळे बूट बदलत होते. ते म्हणाले, "बाई, तुम्ही अंगठा दाबून हात घट्ट धरायला सांगता. पण मला वाटतं, बोटांवर बोटं नुसती टेकवली तर त्या आपल्या आपण फिरतील. वर केबिनमध्ये आम्ही झुलणारं ओझं ओढत नाही. ते जिकडे झुलतं तिकडे हलकेच मागे मागे जातो. ओढलं की बिघडतं."

मी हसले. म्हटलं, "दादा, बायका म्हणजे सिमेंटची पोती नव्हेत. घट्ट धरा, नाहीतर सटकतील." सगळे हसले, तेही हसले. आणि बुधवारी त्यांनी घट्ट धरलं.

आज सफरचंदं घेऊन पार्लरवालीकडे गेले. हात झोळीत. सहा आठवडे कात्री धरायची नाही, आणि तिचं तर पोटच कात्रीवर. "तुमची काय चूक, बाई," ती म्हणाली. "त्या माणसाने हात पिरगाळला. फोनवर माफी मागत होता, मी सरळ सांगितलं, जनावर आहात तुम्ही." मी सफरचंद कापत होते. कापत राहिले. चार जणांना पुरेल एवढं कापून ठेवलं.

घरी आल्यावर अक्काने विचारलं. थोरली बहीण नर्स असली की घरात दुखण्याची चौकशी वरवरची होत नाही. "हात वर होता का? मागे ओढला गेला? कुणी धरून ठेवला होता?"

म्हटलं, "गर्दीत नीट दिसलं नाही."

"बरं," म्हणाली, आणि भाजी ढवळायला लागली. सुदैवाने तिने फार खोदलं नाही.

बुधवार, १२ फेब्रुवारी

दादा आले नाहीत. खरं सांगायचं तर बरं वाटलं.

डबल टर्न घेतला नाही. "आठवडाभर पायाकडे लक्ष देऊ या," म्हणाले. कुणी काही विचारलं नाही. बाईंनी सांगितलं म्हणजे झालं. एकोणीस वर्षांत ही सवय मीच लावली आहे.

एकोणीस वर्षांत पहिला अपघात, असं स्वतःला दिवसभर बजावत होते. मग जिना उतरताना ती उंच मुलगी आठवली, ग्रंथालयात काम करायची. खांदा ठणकतो म्हणून तिने वर्ग सोडला होता. मी तिला म्हटलं होतं, "तुला व्यायामाची सवय नाही गं." आणि मनगटाला पट्टा बांधून येणाऱ्या त्या जुळ्या बहिणी. आणि ते पोस्टातले गृहस्थ, त्यांची बायको. पुढे मोजलं नाही.

रविवार, १६ फेब्रुवारी

कपाट आवरताना माझं प्रमाणपत्र सापडलं. मी शेवटचं काही शिकले त्याला अकरा वर्षं झाली. त्याआधी दरवर्षी जायचे, उसनवारी करून, जमिनीवर झोपून. मग लोक मला बाई म्हणायला लागले आणि शिकायला जायची लाज वाटू लागली. बाई रांगेत उभी दिसली तर लोक काय म्हणतील?

भिंगरीची आठवण आली. टाळायचं म्हटलं तरी आलीच. विशीत आली माझ्याकडे. गिरकी घेताना जमिनीला पाय लागतो की नाही असं वाटायचं, म्हणून मीच ते नाव ठेवलं. पाच वर्षं माझ्या हाताखाली शिकवलं तिने. तीन वर्षांपूर्वी पंधरा दिवसांचं शिबिर करून आली आणि भर वर्गात म्हणाली, "बाई, आपण अंगठा दाबतो ते धोक्याचं आहे. आता कुणीच तसं शिकवत नाही. फिरणारीला मोकळं सोडायचं, हात फक्त छत्रीसारखा वर ठेवायचा."

तेव्हाही मी विनोदच केला होता. "चार दिवस सासरी काय राहिली, आईला स्वयंपाक शिकवायला लागली!" सगळे खो खो हसले. भिंगरी लाल झाली. महिन्याभरात तिने वर्ग सोडला. मी सगळ्यांना सांगितलं, पंख फुटले की पाखरं उडतात.

म्हणजे मला तीन वर्षांपासून माहीत होतं. आज हे पहिल्यांदाच असं सरळ लिहिलं.

बुधवार, २६ फेब्रुवारी

पार्लरवालीकडे आज चौथ्यांदा गेले. ती म्हणाली, "बाई, तुम्ही किती करता हो माझ्यासाठी!" मग सहज बोलल्यासारखं म्हणाली, "तुमचे ते क्रेनवाले, क्रेन सोडून खाली आलेत म्हणे. माझ्याकडे केस कापायला त्यांच्या साइटवरचा सुपरवायझर यायचा, तो परवा भेटला, सांगत होता. यांनी स्वतःच साहेबांना जाऊन सांगितलं, माझ्या हाताचा भरवसा नाही, मला वर पाठवू नका. वीस वर्षं वर बसणारा माणूस आता खाली उभा राहून दोऱ्या बांधतो. बरंच झालं म्हणा. कुणाच्या डोक्यावर काही टाकलं असतं म्हणजे?"

मला उठता येईना. ती विचारायला लागली, चक्कर आली का, पाणी देऊ का. झोळीतल्या हाताने ती मला पाणी द्यायला निघाली होती.

घरी येऊन दादांना फोन लावला. एक घंटी वाजली आणि कापला. त्यांचा उलट फोन आला. उचलला नाही.

उद्या करीन.

सोमवार, ३ मार्च

आज भिंगरीच्या वर्गाला गेले.

दादांना फोन करायचं धाडस नव्हतं, म्हणून हे सोपं काम निवडलं असावं. आधी मला नीट यायला हवं, मग तोंड दाखवता येईल, असं मनाला सांगितलं.

गावाच्या दुसऱ्या टोकाला एका शाळेच्या जेवणघरात तिचा वर्ग भरतो. टेबलं भिंतीला लावलेली, फरशी नुकतीच पुसलेली. मी दारात उभी. चोवीस माणसं, बहुतेक नवखी. भिंगरीने मला पाहिलं. क्षणभर तिचा हात हवेतच राहिला. मग म्हणाली, "या बाई. तिसऱ्या रांगेत जागा आहे."

तिसऱ्या रांगेत एका बाजूला केमिस्ट, दुसऱ्या बाजूला कॉलेजची पोर. ती पोर मला म्हणाली, "घाबरू नका काकू, पहिल्या दिवशी सगळ्यांचंच चुकतं."

आणि चुकलंच की! पाय बरोबर पडत होते, पाय कुठे जातात? पण जोडी बदलत बदलत भिंगरी स्वतः माझ्यासमोर आली, फिरवणाऱ्याच्या जागी मी होते, आणि तिने हळूच म्हटलं, "अंगठा, बाई." मी सोडला. दोन ठोक्यांनी पुन्हा दाबला. "अंगठा." तिसऱ्यांदा तिने काही म्हटलं नाही, माझा अंगठा दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवला, लहान मुलाची पेन्सिलवरची पकड सुधारतात तसा.

वर्ग सुटल्यावर ती टेबलं जागेवर लावत होती. मी एका बाजूने उचलू लागले. माफी मागायची असं ठरवून गेले होते. तोंडातून निघालं, "फरशी छान आहे गं."

"हो. घसरत नाही."

मग तीच बोलली. दर गुरुवारी ती एका ढोलवाल्याकडे जाते, दीड वर्ष झालं. नाचायला नाही, नुसतं वाजवायला. "आठ वर्षं नाचून मला कळलं, की पहिला ठोका मला ऐकूच येत नाही, मी नुसती मोजते आहे. लाज वाटली, पण गेले. तिथे माझ्याबरोबर दहा वर्षांची पोरं असतात. माझ्यापेक्षा बरी वाजवतात."

माझा वर्ग सोमवारी बंद असतो, आणि तिचा नवख्यांचा वर्ग तीन वर्षं सोमवारीच आहे. योगायोग बरा म्हणायचा. बहुतेक शाळेचं जेवणघर सोमवारीच मिळत असेल.

रविवार, ९ मार्च

अक्काची परीक्षा आहे. दर दोन वर्षांनी असते. हृदय थांबलेल्या माणसाची छाती कशी दाबायची, याची. निवृत्तीला एक वर्ष उरलंय आणि ही बाई सोफ्याच्या उशीवर दोन्ही हात ठेवून मोजते आहे.

म्हटलं, "अक्का, तीस वर्षं हेच करतेस. तुला कसली परीक्षा?"

"हेच कुठे? पूर्वी वेगळं करायचो. आकडा वेगळा, क्रम वेगळा. मधे दोनदा बदललं."

"मग पूर्वी ज्यांना तू जुन्या पद्धतीने..."

अक्का थांबली. "त्यातले काही वाचले, काही गेले. तेव्हा जेवढं कळत होतं तेवढं केलं. त्याचं मला वाईट वाटतं, लाज नाही वाटत. नवीन कळल्यावरही जुनंच रेटलं असतं तर लाज वाटली असती." मग उशी झटकत म्हणाली, "त्या पार्लरवालीचा हात कुणी धरून ठेवला होता ते आठवलं का तुला?"

मी सगळं सांगितलं. भिंगरीचं, शनिवारचं, त्या वाक्याचं, क्रेनचं. रडले. ती मला जवळ घेईल असं वाटलं होतं.

"मला सांगून काय उपयोग?" ती म्हणाली. "मी कुठे क्रेन चालवते?"

बुधवार, १२ मार्च

आज वर्गात सांगून टाकलं! म्हटलं, "आपण काही गोष्टी जुन्या पद्धतीने करत होतो. आता नवीन माहिती आली आहे, तेव्हा थोडा बदल करू या. मागे जो प्रकार झाला त्यात पद्धतीचाही काही भाग असू शकेल."

सगळ्यांनी ऐकून घेतलं. एकाने विचारलं, "म्हणजे दोन वर्षं आम्ही चुकीचं शिकलो?" म्हटलं, "चुकीचं असं नाही, जुनं." तो आणि त्याची बायको बूट घेऊन निघून गेले. जाऊ देत. आता लपवण्यासारखं काही उरलं नाही. बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

शनिवार, १५ मार्च

सकाळी साइटवर गेले. पत्र्याच्या कुंपणाला दार, दारावर रखवालदार. म्हटलं, क्रेनवाल्यांना भेटायचंय. तो म्हणाला, "कुठले? वरचे की आता खाली आलेले?"

दादा लोखंडी सळ्यांच्या भाऱ्याला साखळी अडकवत होते. डोक्यावर पिवळं हेल्मेट, हातात जाड मोजे. मला पाहून आधी घाबरले. "त्या बऱ्या आहेत ना? खांदा पुन्हा..."

"बऱ्या आहेत. दादा, मी माझ्यासाठी आले." आणि सांगितलं. तुमचा हात जड नाही. मी शिकवलं तेच तुम्ही केलंत. तुम्ही विचारलं होतं तेच बरोबर होतं. आणि ते मला तीन वर्षं आधी कुणीतरी सांगितलेलं होतं.

त्यांनी मोजे काढले. एक, मग दुसरा. तळहात पँटला पुसले.

"बाई, चुकीचं शिकवलंत त्याचं काही नाही. मलाही पहिल्या उस्तादाने एक गाठ चुकीची शिकवली होती. पण मी विचारलं होतं ना?"

"हो."

"आणि ती खाली पडल्यावरही तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"सव्वा महिना झाला. घरात बायकोच्या हातात चहाचा कप देताना मी आधी टेबलावर ठेवतो. हातात देत नाही." आवाज नेहमीसारखाच हळू होता. मोठ्याने बोलले असते तर बरं झालं असतं. "तुम्ही एक फोन करायचात. मी उलट केला तोही तुम्ही घेतला नाहीत."

मी काहीतरी बोलायला लागले. वरून भोंगा वाजला. ते म्हणाले, "बाजूला व्हा बाई, ओझं येतंय."

जाता जाता म्हटलं, "मी वर्गातही सांगितलंय, दादा."

"काय सांगितलंत?"

भाऱ्याकडे बघत विचारलं त्यांनी. मी सांगितलं ते आवाजात बुडालं असावं, कारण ते पुढची साखळी लावायला गेले.

बुधवार, १९ मार्च

आज पार्लरवाली पहिल्यांदा आली, झोळी सुटली म्हणून, नुसती बसून बघायला. मी वॉर्मअप घेत होते. दार उघडलं आणि दादा आत आले. कामाचे बूट, पँटवर सिमेंट. बूट दाराशी काढले आणि मोज्यांवर उभे राहिले.

"नाचायला नाही आलो," ते म्हणाले. "तुम्ही वर्गात सांगितलंत म्हणालात. कुठल्या शब्दांत सांगितलंत ते ऐकायचंय. परवा सकाळी साहेब मला वर चढवून बघणार आहेत. त्याआधी एकदा, चार माणसांसमोर, नीट ऐकायचंय."

मी गाणं बंद केलं. गेल्या बुधवारचे शब्द आठवले, 'पद्धतीचाही काही भाग असू शकेल'. ते त्यांच्यासमोर उच्चारण्यासारखे नव्हते.

म्हटलं, "यांनी मला अपघाताच्या आदल्या शनिवारी विचारलं होतं, हात मोकळा ठेवला तर चालेल का. यांचं बरोबर होतं. मी हसण्यावारी नेलं आणि घट्ट धरा म्हणून सांगितलं. यांनी धरलं, म्हणून खांदा निखळला. मग मी सगळ्यांसमोर म्हटलं, तुमचा हात जड आहे. ते खोटं होतं. म्हणतानाच मला माहीत होतं. तुमच्याआधी इथे शिकवणाऱ्या भिंगरीने तीन वर्षांपूर्वी हेच सांगितलं तेव्हाही मी तिची टिंगल केली आणि तेव्हाचा सगळा वर्ग माझ्याबरोबर हसला, कारण मी हसायला लावलं."

पार्लरवाली उठली. मला वाटलं माझ्याकडे येते आहे. ती सरळ दादांकडे गेली.

"दादा, मी तुम्हाला जनावर म्हटलं."

"हो. ऐकलं होतं मी."

"मला वाटलं..." मग ती माझ्याकडे वळली. "तुम्ही चार-चारदा यायचात. सफरचंदं कापायचात. तिथेच का नाही बोललात?" तिने पिशवी उचलली, डाव्या हाताने, आणि गेली.

दादा तसेच उभे. मग त्यांनी विचारलं, "मग बरोबर कसं करायचं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. तीन सोमवार शिकले आहे, काहीतरी थाटात दाखवता आलं असतं. एकोणीस वर्षांत त्या खोलीत मी कधी न म्हटलेलं वाक्य म्हटलं. "मला अजून नीट येत नाही. सोमवारी शिकायला जाते. थोडं कळलंय, पण शिकवण्याइतकं नाही."

"सोमवारी कुठे?"

फळ्यावर भिंगरीच्या वर्गाचा पत्ता लिहिला. दोघा-तिघांनी उतरवून घेतला. दादांनी उतरवला नाही. नुसता वाचला आणि बूट घालून गेले.

शुक्रवार, २१ मार्च

दिवसभर काही सुचलं नाही. विचारायचं कुणाला? विचारायचा हक्क तरी कुठे आहे?

दुपारी अक्काला म्हटलं, "चढले असतील का?" ती म्हणाली, "तू त्यांच्यासाठी विचारतेस की स्वतःच्या जिवाला बरं वाटावं म्हणून?" म्हटलं, "दोन्ही." "मग थोडी वाट बघ," म्हणाली.

सोमवार, २४ मार्च

बसमधून साइटवरून गेले. क्रेन फिरत होती, पण वर कोण बसलंय ते खालून दिसत नाही.

जेवणघरात माझ्या वर्गातले चार जण आले होते. मला पाहून ओशाळले, मीही ओशाळले, मग आम्ही एका रांगेत उभे राहिलो. भिंगरीला आज टेबलं ओढतानाच सांगितलं. "त्या दिवशी मी तुझी टिंगल केली ते वाईट केलं. तू बरोबर होतीस." ती टेबलाचं दुसरं टोक धरून थांबली. "मी सगळ्यांदेखत बोलायला नको होतं, बाई. बाजूला घेऊन सांगायचं होतं." म्हटलं, "बाजूला घेतलं असतंस तरी मी ऐकलं नसतं." त्यावर ती हसली, पण डोळे पुसले. टेबल मधेच अडलं होतं, केमिस्ट म्हणाला, उचला हो कुणीतरी.

वर्ग सुरू झाल्यावर दादा आले. धुतलेला शर्ट. भिंगरीने विचारलं, नवीन का? ते म्हणाले, "हो, नवीनच." शेजारच्या माणसाने काय काम करता विचारलं तेव्हा म्हणाले, "क्रेन चालवतो." चालवतो, म्हणाले. मी दोनदा ऐकलं असावं असं वाटलं, पण एकदाच म्हणाले होते.

जोड्या बदलत गेल्या. ते सगळ्यांबरोबर नाचले. कॉलेजच्या पोरीला त्यांनी नुसतं बोटांच्या टोकावर दोनदा फिरवलं आणि भिंगरीने गाणं थांबवून सगळ्यांना ते पुन्हा बघायला लावलं. माझी पाळी आली तेव्हा ते पाणी प्यायला गेले. दुसऱ्या फेरीत पाळी आली तेव्हा बुटाची नाडी बांधत राहिले. नाडी सुटलेली नव्हती.

मी समोर रिकामी जागा ठेवून उभी होते. भिंगरी दुरून म्हणाली, "जोडीदार नसला तरी पाय थांबवायचे नाहीत, बाई." ती हे सगळ्यांनाच म्हणते.

मी एकटीने मोजायला लागले. एक, दोन, तीन. पाच, सहा, सात.